अनामिकेला टेकू

माणसाला आकाशात नेलं ते तारांनी. पंख काय, कोंबडीलाही असतात.

हे विधान निवृत्त दंतवैद्यांनी घरच्यांना उद्देशून केलं, तेव्हा त्यांच्या खालच्या ओठाला गोंदाने चिकटलेला एक दोरा लोंबत होता. दोऱ्याचं दुसरं टोक विमानात होतं. त्यामुळे भाषण आटोपशीर झालं.

विमान वीतभर लांबीचं, जुन्या घाटाचं. माडीवर माडी चढवावी तसे पंखावर पंख, मध्ये काडीएवढे खांब, आणि खांबाखांबांतून तिरक्या तारांचं जाळं. खऱ्या विमानात त्या पोलादी असत. इथे केसाहून बारीक नायलॉनचा धागा. एक ताणला की समोरचा सैल पडतो. समोरचा ताणावा, तर पहिला रुसून बसतो.

"एकत्र कुटुंबच की हे," त्यांच्या पत्नी म्हणाल्या आणि ओठावरचा दोरा कात्रीने सोडवला.

अडचण धाग्याची नव्हती, उजव्या हाताची होती. तो थरथरू लागला म्हणून दवाखाना बंद झाला. आता विमानंही बंद करावीत असं मुलीचं मत होतं. आज ती जेवायला आली होती. जावईही आले होते, आणि सोबत त्यांची हत्यारांची पेटी. त्यांनाही हाच नाद. शिवाय भिंग लावलेला दिवा आणि न थरथरणारं वय.

"बाबा, तारा हे ओढतील. तुम्ही रंग द्या ना."

"रंग भिंतीलाही देतात."

"किती त्रास करून घेता! आज चहापर्यंत तुमच्या हातून झालं तर ठीक. नाहीतर हे टेबल आवरायचं, कायमचं. कबूल?"

"कबूल. या हातापायी दवाखाना सोडला मी. विमान सोडणार नाही."

आणि ते कामाला लागले. पहिल्याच तारेला एक खांब किंचित हलला. बाकी कुणीही तिथे गोंदाचा थेंब सोडला असता. दंतवैद्यांच्या हाताने चिमट्यात खांब धरला, डावीकडे झुकवला, उजवीकडे झुकवला, आणि मुळासकट उपटून काढला. मग डाव्या हाताने भोकात कापसाचा बोळा दाबला.

"अर्धा तास काही खायचं नाही," ते सवयीने विमानाला म्हणाले.

जावयांनी पेटीची कडी उघडली.

"बंद करा ती," दंतवैद्य म्हणाले.

खांब पुन्हा बसवला. मनगट लाकडी ठोकळ्यावर टेकवलं, हात थरथरला. जाड पुस्तकावर टेकवलं, पुस्तकही थरथरलं. पालथ्या कपावर टेकवलं, तेव्हा कप वाजायला लागला आणि चहा मागताय की काय म्हणून पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दंतवैद्य त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या खालच्या भागाकडे.

"अगं, बैस इथे. हनुवटी टेबलावर ठेव. आ कर."

"अहो, माझे दात चांगले आहेत."

"म्हणून तर!"

त्यांनी हात धुतले. विमान पत्नीच्या गालाला लागेल इतकं जवळ सरकवलं, आणि उजव्या हाताची अनामिका त्यांच्या खालच्या दातावर टेकवली. जन्मभर या हाताने प्रत्येक काम असंच केलं होतं : एक बोट शेजारच्या दातावर, मग बाकीची कामाला. लाकडावर टेकून राबायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

हात थांबला.

"मदत घ्यायची नाही असं ठरलं होतं," जावई म्हणाले.

"आईने कशाला हात लावलाय?" मुलगी म्हणाली. ती आता बापाच्या पक्षात गेली होती.

"आँ," पत्नी म्हणाल्या. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. त्यांचे डोळे मात्र गोंदाच्या बाटलीवरून हलत नव्हते.

एकेक तार भोकातून गेली, ताणली गेली, चिकटली. समोरची सैल पडली की दंतवैद्य न चिडता मागे जात, पुन्हा ओढत. वाकडे दात ते वर्षवर्ष तारेने ओढत आले होते. घाईने फक्त हिरड्या सुजतात, हे त्यांना ठाऊक होतं. चहाची वेळ झाली. चहा करणारी व्यक्ती जागची हलू शकत नसल्याने वेळच पुढे ढकलण्यात आली.

शेवटची तार बसली. दंतवैद्यांनी डाव्या नखाने ती छेडली. बारीक, स्वच्छ आवाज आला. जावयांनी एक डोळा मिटून पंख समोरून पाहिले, मग बाजूने. कुठे बाक नाही, कुठे झोळ नाही. त्यांनी मुकाट्याने पेटीची कडी लावली.

"बाबा, मला एवढं सरळ नाही जमत."

मुलीने डोळे पुसले. बोट होतं तिथेच ठेवून दंतवैद्यांनी मान उंच केली.

"हात कामातून जात नसतो, बाळ! त्याला त्याची जागा सापडावी लागते. माणसाची जिद्द..."

"आआ ओं इऊ आ?"

असलं बोलणं आयुष्यभर ऐकल्यामुळे त्या खोलीत फक्त दंतवैद्यांनाच कळलं. पत्नी विचारत होत्या, "आता तोंड मिटू का?"