सिग्नल तिकडूनच नाही

"अहो काका, पण मोबाइलवर तर 'टीव्हीवर चालू आहे' असं दिसतंय," सून म्हणाली.

"मोबाइलचं काय घेऊन बसलात. तो काहीही दाखवेल," टीव्हीच्या मागे मान घालूनच तो बोलला. "सिग्नल तिकडूनच नाही."

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. डोळ्यांच्या इस्पितळाजवळच्या हॉटेलात, तीनशे नऊ नंबरच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर आजी ताठ बसल्या होत्या. डाव्या डोळ्यावर परवाच्या ऑपरेशनची पट्टी, उजवा डोळा नावापुरता. त्यांची धाकटी बहीण पहाटे गेली होती. तिचं घर हॉटेलपासून एका दिवसाच्या वाटेवर. अकरा वाजता तिला घरातून नेणार होते, आणि तोवर भाचा आपल्या मोबाइलवरून तिथलं सगळं थेट दाखवत होता. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला होता. रडायचंही नाही, डोळ्यावर ताण येतो, असंही बजावून ठेवलं होतं. सुनेने मोबाइल सासूच्या नाकापर्यंत नेऊन बघितला, पण आजींना एक पांढरा ठिपका हलताना दिसला, बस्स. मग सुनेचं लक्ष टेबलावरच्या कार्डाकडे गेलं. मोबाइलवरचं काहीही आपल्या खोलीतल्या टीव्हीवर मोठं करून बघा, असं त्यावर लिहिलं होतं. तिने खाली फोन केला आणि हा वर आला.

हा म्हणजे हॉटेलचा टीव्हीवाला. एकतीस वर्षं याच हॉटेलात. गच्चीवर काठीला अँटेना बांधायचे तेव्हापासूनचा माणूस. नाव हजेरीपुस्तकात असेल, बोलताना सगळे त्याला 'तिकडून' म्हणत. पोरं तोंडावर मामा म्हणायची आणि पाठ फिरली की तिकडून. कारण काय, तर काहीही बिघडो, याचं उत्तर ठरलेलं. चित्र हलतंय? तिकडूनच हलतंय. आवाज नाही? तिकडूनच नाही. तिकडे म्हणजे कुठे, हे एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. पाहुणा दोन दिवसांचा, त्याला काय पडलंय. 'बरं' म्हणून तो झोपून जायचा. माणूस वाईट नव्हता हो. कामाला वाघ, रजा घ्यायचा नाही, कुणाला उलटून बोलायचा नाही. फक्त चूक आपली आहे हे तीन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते. सुरुवातीला नोकरी जाईल म्हणून भीती होती, पुढे ती सवय झाली.

आता त्याने काय करून ठेवलं होतं ते ऐका. मालकांनी अलीकडे प्रत्येक टीव्हीमागे तळहाताएवढी एक डबी बसवून घेतली होती. पाहुण्याने कार्डावरची खूण मोबाइलने टिपली की मोबाइल त्या खोलीच्या डबीशी जोडला जायचा. मग सिनेमा म्हणा, सामना म्हणा, मोबाइलवरचं टीव्हीवर. बंद टीव्हीसुद्धा आपणहून चालू व्हायचा. कोणती डबी कोणत्या खोलीची, हे ऑफिसातल्या कॉम्प्युटरला माहीत आणि डबीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं. पंधरा दिवसांपूर्वी तिसरा मजला रंगवायला काढला, तेव्हा याने सगळ्या डब्या काढून बादलीत ठेवल्या. परत लावताना बघतो तर दोन डब्यांवरचे आकडे पुसलेले. एक तीनशे सातची, एक तीनशे नऊची. कुठली कुठली ते बघायला खाली ऑफिसात जाऊन यायचं, पाच मिनिटांचं काम. याने अंदाजपंचे लावून टाकल्या. नंतर बघू म्हणाला.

चार दिवसांनी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलंही होतं, "मामा, सातवाले म्हणतात त्यांच्या टीव्हीवर आपोआप कार्टून लागलं. लहान मूल तर नऊमध्ये उतरलंय."

"तिकडूनच काहीतरी गोंधळ असेल," मामा म्हणाले. मग सातच्या बाथरूमचं पाणी झिरपायला लागलं, ती खोली बंद केली, आणि तक्रारही तिच्याबरोबर बंद झाली. तो विसरूनही गेला.

तर आता तो नऊच्या टीव्हीमागे डोकं घालून तारा काढत होता, फुंकर मारत होता, परत लावत होता. पडदा काळा तो काळाच.

"अहो, ऐका जरा," आजी म्हणाल्या. "शेजारी कोण उतरलंय?"

"कुणी नाही आजी. ती खोली बंद आहे."

"बोलणं ऐकू येतंय."

"खालच्या मजल्यावरचं असेल."

आजी सुनेकडे वळून हळूच म्हणाल्या, "अगं, भाऊजींचा खोकला ऐकला मी. दोनदा खोकून मग घसा खाकरतात ना, तसाच."

भाऊजी म्हणजे गेलेल्या बहिणीचा नवरा. सून कावरीबावरी झाली. तिने याच्याकडे बघितलं. त्याने स्क्रू पिळता पिळता मान हलवली. "भास होतो आजी. दुःखात होतो असा. माझी आई गेली तेव्हा मलाही व्हायचा."

हे त्याने चांगुलपणानेच म्हटलं. आणि ऐका, त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं असं नाही. भिंतीपलीकडे काहीतरी पुटपुटतंय एवढं त्यालाही कळत होतं. पण हॉटेलच्या भिंती पुटपुटतातच. एकतीस वर्षांत त्याने त्यांच्याकडे कान दिला नव्हता.

साडेदहा झाले. "आई, असं करू या का," सून म्हणाली, "हे राहू दे. मी मोबाइलवर बघते आणि काय काय दिसतंय ते तुम्हाला सांगते."

"आता तोडू नका हं," तो घाईने म्हणाला. "जोडणी एकदा तुटली की पहिल्यापासून सगळं करावं लागेल. दोन मिनिटं द्या. आलंच बघा."

दोघी त्याच्या शब्दावर थांबल्या. माणूस जाणता दिसत होता, पट्ट्याला हत्यारं लावलेली, केस पिकलेले. न थांबून काय करतील.

"मला तिचं तोंड बघायचंय हो," आजी म्हणाल्या. आवाज साधाच होता. "बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. अकरा वर्षं झाली. आईच्या शिलाई मशीनवरून भांडलो आम्ही. मशीन बिघडलेलं, चालतसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, तुझं तोंड बघणार नाही. आणि नाही बघितलं. दोनदा ती दारापर्यंत येऊन गेली, मी बाहेर आले नाही."

"आई, नका ना बोलू. डोळ्याला त्रास होईल."

"डोळा काय, राहील नाहीतर जाईल," आजी म्हणाल्या.

अगदी खरं सांगतो, त्या क्षणी त्याला मनापासून वाटलं की या बाईला तिच्या बहिणीचं तोंड दिसलंच पाहिजे. त्याने डबी काढून पुसली, पुन्हा लावली, टीव्ही तीनदा बंद-चालू केला. घाम पुसला. एकच गोष्ट केली नाही, डबी आपल्याच हातून चुकीची लागली असेल असा विचार. तो त्याला शिवलाच नाही.

अकराला आठ मिनिटं होती तेव्हा तो उठला. "तार बदलून बघतो. शेजारच्या खोलीतली आणतो, ती नवी आहे." आणि बाहेर आला.

सातचं दार उघडलं आणि तो जागच्या जागी थबकला.

गादी उभी करून ठेवलेली, खुर्चीवर प्लास्टिक, आणि समोर टीव्ही चालू. पडद्यावर एका घरातली बाहेरची खोली. माणसं भिंतीला लागून उभी, कुणी खाली बसलेली. एक म्हातारा खोकला, दोनदा, आणि मग त्याने घसा खाकरला. कुणीतरी म्हणालं, "मावशीला दिसतंय ना रे नीट? जवळ ने, जवळ ने." चित्र हललं, पुढे सरकलं, खाली झुकलं आणि पडदाभर ते तोंड आलं. पांढऱ्या केसांचा भांग नीट पाडलेला. हनुवटीवर तीळ. ओठ मिटलेले, आणि कडेला किंचित वर वळलेले, दुपारी जेवून पडल्यावर सुखाने झोप लागावी तसे. भाचा मोबाइल तिथेच धरून राहिला. "बघ मावशी," तो म्हणाला. "बघून घे."

नऊचं दार आठ पावलांवर होतं. हाक मारली असती तरी पुरे होतं. आजी एका डोळ्याने, सुनेच्या हाताला धरून, मिनिटाभरात आल्या असत्या.

आणि याने काय केलं, तर रिमोट उचलून आवाज कमी केला.

का केला, ते त्याला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. हात आपोआप गेला. त्यांना कळलं तर, खाली कळलं तर, मॅनेजरसाहेबांनी विचारलं तर, असं डोक्यात एकदम गरगरलं, आणि हात गेला. आवाज शून्यावर आणून तो उभा राहिला, आणि त्या तोंडाकडे बघत राहिला. अर्धं मिनिट असेल, जास्तही असेल. मग चार हात पुढे आले, चित्र वर उचललं गेलं, छत दिसलं, कुणाचा तरी खांदा दिसला आणि पडदा काळा झाला.

तो तार न घेताच परत गेला. "संपलं वाटतं," सून मोबाइल बघत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. लगेच भाच्याला फोन लावला, तर कुणी उचलला नाही. नंतर उचलला तेव्हा कळलं की ते साठवून वगैरे काही ठेवलेलं नाही. असलं कोण साठवतं, तो म्हणाला.

"तिकडूनच नव्हतं," याने पुटपुटून घेतलं, हत्यारं गोळा केली आणि जिन्याकडे निघाला. दार पुरतं लागलं नव्हतं. मागून आजींचा आवाज आला.

"सूनबाई, मला खरंच ऐकू येत होतं गं. मग एकदम बंद झालं. माझं डोकं तर फिरलं नाही ना?"

"औषधामुळे असेल आई. मी डॉक्टरांना विचारते." आणि थोड्या वेळाने, फोनवर, दबक्या आवाजात, "हो डॉक्टर, भास होतायत त्यांना. गेलेल्या माणसांच्या घरातले आवाज येतात म्हणतात. नाही, आधी असं कधी नव्हतं. बरं. म्हणजे डोक्याच्या डॉक्टरांना दाखवायचं का?"

तो जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. खाली उतरला असता तर विषय तिथेच संपला होता, कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. तो तिथे बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला. मग वर आला आणि दार वाजवलं.

"आजी," तो म्हणाला, "तुम्हाला भास नाही झाला."

सुनेने फोन खाली घेतला.

"शेजारच्या टीव्हीवर लागलं होतं सगळं. दोन खोल्यांच्या डब्या मी उलट्यापालट्या लावल्यात. तिकडून काही नव्हतं. माझीच चूक." असं आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असल्यामुळे शब्द त्याला जड जात होते. "तुम्ही म्हणालात तेव्हा मी उठून बघायला हवं होतं."

सून काही बोलणार होती, पण आजींनी हात वर केला.

"म्हणजे भाऊजीच खोकले."

"हो."

"आणि आवाज मध्येच गेला तो?"

"मी कमी केला."

"का?"

सून संतापाने रडायला लागली. "काका, तुम्ही आत होतात आणि आम्हाला बोलावलं नाहीत?" तिने साहेबांना फोन करावा, आरडाओरडा करावा, असं त्याला फार वाटत होतं. पण आजींना वेगळंच विचारायचं होतं.

"तुम्ही बघितलंत तिचं तोंड?"

"बघितलं आजी. अगदी जवळून. हनुवटीवर तीळ आहे. केस पांढरे, भांग पाडलेला."

"तीच," आजी म्हणाल्या. मग त्या पुढे झुकल्या, उघडा डोळा त्याच्या आवाजाच्या दिशेने धरून. "खरं सांगा. रागावलेली दिसत होती का?"

"नाही आजी." तो खरं तेच सांगत होता. ते मिटलेले, कडेला वर वळलेले ओठ त्याच्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभे होते. "अजिबात नाही. हसत झोपल्यासारखी होती."

"मघाशीही तुम्ही असंच सांगितलंत," आजी म्हणाल्या. रागाने नव्हे, आठवल्यासारखं. "भास होतो म्हणून. आईची शपथ घेतल्यासारखं सांगितलंत."

"आजी, आता खरं सांगतोय. देवाशप्पथ."

"असेल," त्या म्हणाल्या. "असेलही."

त्यांनी सुनेला जवळ बोलावलं, तिच्या हाताचा आधार घेतला आणि पलंगावर हळूच आडव्या झाल्या, तोंड भिंतीकडे करून. तो तसाच उभा होता. अजून एकदा सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण निराळं सांगण्यासारखं त्याच्यापाशी काहीच नव्हतं.