विशाल जिथं अडायचा

विशाल चैत्रात गेला. साधी कावीळ म्हणून दवाखान्यात नेला, आठवड्याभरात सगळं संपलं. त्याच्या पदरात मूल नव्हतं, म्हणून जगननं स्वतःच्या हातानं लेकाला अग्नी दिला.

पुढच्याच सकाळी जगन ओटीवर बसून सुनेला विचारत होता, "नमिता, विशाल उठला नाय काय गो अजून?"

त्याचा विसराळूपणा दोन वर्षं वाढतच होता. पण असला विसर पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नमितानं त्याला खरं सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळ बडवून घेतलं, दिवसभर अन्न घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. चार-पाच वेळा त्याला तसं कोसळताना पाहिल्यावर नमितानं सांगायचं सोडून दिलं.

"कंपनीत शिफ्टला गेलेत, बाबा," ती म्हणायची. मग तो गप्प व्हायचा.

त्या दिवसापासून नमिता त्याच्यासमोर रडली नाही. दिवसा ती जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची, तेवढा वेळ शेजारची गिरजाबाई म्हाताऱ्याकडे बघायची. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा विशालच्या शिफ्टच्या गोष्टी. तिचा भाऊ दोनदा त्यांच्या गावी, जित्याला, येऊन गेला. "किती दिवस इथं बसणार? चल घरी," म्हणाला. ती म्हणाली, "त्यांना कुणाच्या हवाली करू?"

दिवाळी आली. दुखवट्याचं वर्ष, घरात काही केलं नव्हतं. शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली. करंजी हातात घेऊन जगन म्हणाला, "दिवाळी हाय. म्हंजे रोह्याला विशालचा कार्यक्रम असंल."

रोह्याच्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम दरवर्षी पाडव्याला दुपारनंतर व्हायचा. कंपनीतले कामगार, दोन शिक्षक, एक दातांचे डॉक्टर, कापडदुकानातला एक व्हायोलिनवाला अशी सगळी मंडळी सुट्टीच्या दिवशी जमून सराव करायची. विशाल त्यात क्लॅरिनेट वाजवायचा. जगननं एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

वाद्यवृंदाचे रमेश मास्तर आमंत्रण द्यायला स्वतः आले होते. विशालचा फोटो स्टेजवर ठेवायचा, दोन शब्द बोलायचे, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. नमितानं त्यांना दारापर्यंत सोडताना हळूच सांगितलं, "फोटो नका ठेवू. नावपण घेऊ नका. बाबांना ठाऊक नाय."

मास्तरांनी चपला पायांत सरकवल्या. "बरं," म्हणाले. "पण तुम्ही या."

पाडव्याला ती दोघं गाडीनं रोह्याला गेली. जगननं धुतलेला सदरा घातला होता. खिडकीतून पेणच्या पुढची कापलेली भातं बघत तो सांगत होता, "लहान होता तेव्हा आळीत कोण वाजवू देत नव्हतं त्याला. मग मिठागरावर यायचा. मी मीठ गोळा करायला फळी ओढायचो नि हा बांधावर बसून पीपी करायचा. त्याच्यामुळं बगळंपण येत नव्हतं." तो हसला. नमिताही हसली.

हॉल भरला होता. नव्या साड्या, अत्तर, पोरांचे रुसवे. दोघांना पुढं बसवलं. जगनच्या डोळ्यांत मोतीबिंदू, स्टेजवर त्याला नुसते पांढरे झब्बे दिसत होते. त्यांतल्या एकाकडं बोट करून त्यानं विचारलं, "तो तिकडचा आपला ना?"

"व्हय, बाबा."

क्लॅरिनेट घेऊन बसला होता पांडू, रोह्यातल्या लग्नाच्या बँडमधला. विशालच्या जागी त्यानं यायचं कबूल केलं होतं. पहिल्या दोन चिजा झाल्या. जगन मांडीवर ठेका धरून बसला होता, शेजारच्या बाईला सांगत होता, "माझा पोरगा हाय त्यात."

मग मांड रागातली धून सुरू झाली. ही विशाल दरवर्षी वाजवायचा. व्हायोलिनं खाली आली आणि क्लॅरिनेट एकटं वर चढायला लागलं. पांडू सुरेख वाजवत होता, सूर अखंड वरच्या षड्जाला जाऊन टेकला. हॉलमध्ये कुणीतरी "वा" म्हणालं.

जगनचा ठेका थांबला.

"हा विशाल नाय," तो म्हणाला.

नमितानं त्याच्या हातावर हात ठेवला. "बाबा, ऐका."

"ऐकलं. विशाल तिथं अडतो. त्याचा दम पुरत नाय, जरासा थांबतो नि मग वर जातो. हा थांबला नाय." तो स्टेजकडं बघत राहिला. "चांगला वाजवतो हा. पण आपला नाय."

धून चालू होती. जगननं मान वळवली आणि तिच्या कपाळाकडं, गळ्याकडं नीट बघितलं. इतक्या महिन्यांत त्यानं असं बघितलं नव्हतं.

"गेला ना गो तो?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "व्हय, बाबा."

"कधी?"

"चैत्रात."

"मी होतो?"

"तुमीच अग्नी दिलात."

त्यानं आपले दोन्ही हात उघडून बघितले. मग म्हणाला, "नि तू एकटीच हे घेऊन बसलीस."

नमितानं पदर तोंडात धरला. हुंदका तरीही फुटला. जगन रडत होता, आवाज न करता, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, मिठानं चरे पडलेला खरखरीत हात. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती दोघं तशीच बसून राहिली. विशाल गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरातली दोन माणसं एकाच माणसासाठी रडत होती.

कार्यक्रम संपल्यावर पांडू खाली आला. क्लॅरिनेट काखेत धरून तो त्यांच्यासमोर उभा राहिला. जगननंच त्याचा हात धरला. "चांगला वाजवलास, बाबा. वाजवत ऱ्हा," म्हणाला.

रमेश मास्तरांनी त्यांना स्टेशनवर सोडलं. गाडीला गर्दी नव्हती. नमिताला वाटत होतं, आता घरी गेल्यावर बोलता येईल. विशालच्या शेवटच्या दिवसांचं, तो दवाखान्यात काय काय म्हणाला त्याचं. कुणालाच न सांगितलेलं किती तरी होतं. आज तरी बाबांच्या शेजारी बसून सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलं.

नागोठणं गेलं. जगनला डुलकी लागली होती. कासूला गाडी थांबली तेव्हा तो जागा झाला. इकडंतिकडं बघत बसला, मग त्याची नजर तिच्या सुजलेल्या डोळ्यांवर गेली.

"काय झालं गो? रडलीस काय?"

नमितानं त्याच्याकडं बघितलं. मघाचं त्या चेहऱ्यावर काहीच राहिलं नव्हतं. नुसती काळजी होती, सुनेची.

"माहेरी कोण वारलं काय?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "जवळचं माणूस होतं, बाबा."

"मग मला का नाय सांगितलंस?" तो तिच्याजवळ सरकला. "मी हाय ना बसलेला. रड. जितं यायला वेळ हाय अजून."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो तिला थोपटत राहिला आणि गाडी पेणकडं निघाली.