रीडच्या नावाची गाडी

रीडच्या नावानं घ्यायची स्नोमोबाइल, बर्फावरची गाडी, त्याच्या आईनं, आर्डिथनं, निवडावी असं गावानं ठरवलं. तिच्या भावाला कुणी विचारलंच नाही. खरं तर बर्फातल्या बचाव पथकाचा कॅप्टन तोच, ऑर्लिन थिगेसन. वय त्रेसष्ट, आणि गुडघे त्याच्याही पुढं गेलेले. पण दोन हिवाळ्यांपासून बहीणभावात शब्द नव्हता, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

रीड गेला तो गेल्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीत. स्नोमोबाइल घेऊन एकटाच एप्रनच्या वर गेला होता. लिटल ऑगर डोंगराचा पुढचा उघडा चढ म्हणजे एप्रन. डोंगराच्या कमरेला बांधल्यासारखा, रुंद, पांढरा, औषधालाही झाड नाही. वरच्या सपाटीवर गाडी खडकावर आदळली आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानं खिशातल्या यंत्रावरून निरोप पाठवला. ढग इतके खाली आले होते की हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. दुपार कलता कलता पथक चढाच्या पायथ्याशी पोचलं. पथकाच्या गाड्या जुन्या, खालचा फिरता पट्टा आखूड असलेल्या. पहिलीच गाडी चढाच्या तोंडाशी पोटापर्यंत रुतली. ऑर्लिननं फावड्यानं खड्डा खणून बर्फाचे थर पाहिले. फावड्याचा नुसता धक्का लागला तसा खड्ड्याच्या भिंतीतला वरचा थर फळीसारखा घसरून खाली आला; कुणी वर गेलं असतं तर सगळा चढच असा सुटला असता. त्यानं सगळ्यांना मागं फिरवलं. दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर वर गेलं. तोवर थंडीनं रीडला नेलं होतं.

झाल्या गोष्टीला काहीतरी कारण पाहिजे होतं, आणि ते गावाला लगेच सापडलं. गाड्या जुन्या होत्या. पेंडीच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जो तो तेच बोलू लागला. "ऑर्लिन तरी काय करणार बिचारा? तशी गाडीच नव्हती त्याच्याकडं." ऑर्लिननं गावाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं की कारण बर्फ होता, गाडी नव्हे. लोकांनी माना डोलावल्या आणि नव्या गाडीसाठी वर्गणी सुरू केली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी विक्रेता रॉस्को तीन गाड्या ट्रेलरवर घालून डोंगराखालच्या मोकळ्या जागेत आला. पथकातली टॅमरा आधीच येऊन थांबली होती. दवाखान्यात नर्स, घरी लहान मुलगी, आणि खोऱ्यात तिच्यासारखी गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. ऑर्लिन लांबच, आपल्या पिकअपला टेकून उभा होता.

आर्डिथ आली ती बर्फातल्या वीस वर्षं जुन्या कपड्यांत. पोटावरची चेन लागत नव्हती, म्हणून वरून दोरी बांधलेली. रॉस्कोनं टोपी काढली.

"आर्डिथ, तुम्ही नुसत्या बघा. चालवायला टॅमरा आहे."

"मी बघायला आलेय असं कोण म्हणालं तुला?"

टॅमरा हसू दाबत खाली बघू लागली. रॉस्कोला ठाऊक नसावं, पण या बहीणभावांचे वडील हिवाळाभर डोंगरात बर्फ मोजत फिरायचे आणि दोन्ही पोरांना बरोबर न्यायचे. दोघांत गाडी चांगली चालवायची ती आर्डिथ.

रॉस्कोनं ट्रेलरवरून गाड्या उतरवल्या. "ही पहिली, हलकी. साडेसहाशेचं इंजिन, पट्टा एकशे सेहेचाळीस इंच. बकरीसारखी वळते. ही मधली. साडेआठशेचं इंजिन, पट्टा एकशे चोपन्न. आणि ही..." त्यानं तिसरीच्या हँडलवर हात ठेवला. "पट्टा एकशे पासष्ट, वर टर्बो. हवा विरळ झाली की बाकीच्यांना धाप लागते, हिला नाही. ही डोंगरालाच विचारते, बाबा रे, अजून वर काही शिल्लक आहे का?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. आर्डिथनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"झाडीत कशी आहे?" तिनं टॅमराला विचारलं.

"झाडीत लांब पट्टा म्हणजे बोळात ट्रक. सरळ जायला राजा, पण वळायला जागा मागतो. आणि रुतली तर खड्डाही तेवढाच मोठा खणायचा," टॅमरा म्हणाली. "मागं जखमी माणसाची घसरगाडी जोडलेली असली की मला मधली बरी वाटते. पण खोल बर्फात मधली दमते, हेही खरंय."

"आणि कॅप्टन काय म्हणतो?"

हा प्रश्नही तिनं टॅमरालाच विचारला. टॅमरानं ऑर्लिनकडं पाहिलं. ऑर्लिन लांबूनच म्हणाला, "मधली."

आर्डिथ हलक्या गाडीवर बसली. सुरुवातीला अंग आखडलेलं होतं, पण दुसऱ्या वळणाला ती उभी राहिली, एक पाय बाहेर काढून गाडी कुशीवर झुकवली आणि उतारावर आडवी रेघ काढत गेली. पुढं मऊ बर्फात गाडीचं बूड खाली गेलं. ती उतरली, बर्फ पायानं तुडवून घट्ट केला आणि गाडी काढून आणली. मग मधली घेतली. तिच्यावर झाडांमधून जाऊन आली, चेहरा लाल, श्वास लागलेला. शेवटी लांब पट्ट्याची. ती मात्र कुठं रुतलीच नाही. मघाशी हलक्या गाडीनं पाडलेल्या खड्ड्यावरून ती नुसती तरंगत गेली.

परत येऊन तिनं इंजिन बंद केलं आणि सरळ ऑर्लिनसमोर जाऊन उभी राहिली. रॉस्को आणि टॅमरा ट्रेलरचे दोर आवरायच्या निमित्तानं पलीकडं गेले.

"त्या दिवशी ही असती," ती म्हणाली, "तर पोचला असतास?"

दोन हिवाळ्यांनंतरचं तिचं पहिलं बोलणं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. सगळं गाव तेच म्हणत होतं. तिलाही कदाचित तेच हवं असेल.

"गाडी पोचली असती," ऑर्लिन म्हणाला. "मी नेली नसती."

"परत सांग."

"गाडी पोचली असती, आर्डिथ. चढावरचा बर्फ सुटायला टेकला होता. कुठलीही गाडी असती तरी मी कुणाला वर पाठवलं नसतं. मीही गेलो नसतो."

ती वळली, लांब पट्ट्याच्या गाडीवर बसली आणि डोंगराच्या दिशेनं निघाली.

"आता?" टॅमरा धावत आली.

"थांब तू," म्हणत ऑर्लिननं मधली गाडी घेतली आणि बहिणीच्या मागावरून निघाला.

फरच्या झाडीतून वाट वर जात होती. दोन ठिकाणी तिनं खोडांमधून वळताना फांद्या मोडलेल्या दिसल्या. झाडी संपली तिथं, एप्रनच्या पायथ्याशी, ती गाडीवर बसून होती. हिवाळा नुकता लागलेला; चढावरचा बर्फ वाऱ्यानं उडून पातळ राहिला होता, वाळलेल्या गवताचे झुबके वर डोकावत होते. बघून वाटलं असतं, शेळ्या चाराव्यात.

"इथूनच फिरलात?" तिनं विचारलं.

"इथूनच."

ती इथं पूर्वी शंभरदा आली असेल. रीड गेल्यापासून आली नव्हती.

"तुम्ही कुठं उभे होतात?"

ऑर्लिननं झाडीच्या कडेची जागा दाखवली. मग तिनं विचारलं नव्हतं तेही सांगितलं. "टॅमरा एकटी निघाली होती वर. हलकी आहे, निसटून जाईन म्हणत होती. मी तिच्या गाडीची चावी काढून घेतली. ती माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तीच सांगू नका म्हणाली होती."

आर्डिथनं वर चढाकडं पाहिलं. नंतर अगदी हळू म्हणाली, "त्याला ऐकू आलं असेल का रे? तुमच्या गाड्यांचा आवाज?"

या प्रश्नाची ऑर्लिनला दोन वर्षं भीती होती. रात्री कूस बदलताना हाच प्रश्न त्यानं स्वतःला विचारला होता.

"वारा आमच्याकडून वर वाहत होता," तो म्हणाला. "आला असेल ऐकू."

"म्हणजे लांब जातानाही ऐकू आला असेल."

"हो."

ती गाडीवरून उतरली. दोन पावलं टाकून बर्फात गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही ओंजळींनी बर्फ तोंडावर दाबून धरला. आवाज आला नाही. खांदे तेवढे हलत होते. ऑर्लिन तिच्याजवळ गेला, पण हात लावायचा धीर झाला नाही. तो तिच्या शेजारी बर्फात बसला. त्याचे गुडघे कडकडले.

"आई म्हणायची तसं झालंय तुझं," ती ओल्या तोंडानं म्हणाली. "बसलास की उठवायला क्रेन लागेल."

"लागेलच."

वारा पडला होता. खाली कुठंतरी टॅमरानं शिट्टी वाजवली. सगळं ठीक आहे का, असं विचारणारी. ऑर्लिननं उलट शिट्टी दिली.

"लांबवाली घ्या," आर्डिथ म्हणाली. "टर्बोसकट."

"मी असतो तर मधली घेतली असती."

"ठाऊक आहे. आणि झाडीत तीच बरी, हेही मला आत्ता दोन फांद्यांनी सांगितलं." तिनं बाहीनं तोंड पुसलं. "पण ऐक. या चढावर जाईल अशी गाडी पथकाकडं आहे, हे गावात सगळ्यांना माहीत असू दे. मग पुन्हा कधी तू इथून मागं फिरलास, तर कुणी म्हणायला नको की बिचाऱ्याकडं गाडी नव्हती. लोकांनी दोन वर्षं मला तेच भरवलं. मी ते खात बसले, आणि तुझ्यावर रागावले की तू नीट गाडी का नाही मागून घेतलीस आधी. राग कशाचा करायचा तेच मला कुणी धड कळू दिलं नाही."

"आता?"

"आता तुझाच राग आहे," ती म्हणाली. "पण खऱ्या गोष्टीचा आहे."

तिनं उठून त्याच्यापुढं हात धरला आणि त्याला ओढून उभं केलं.

खाली आल्यावर तिनं रॉस्कोला गाडी सांगितली. टॅमरानं तोंड उघडलं, तसं आर्डिथनं तिचा हातमोज्यातला हात आपल्या हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. टॅमरानं ऑर्लिनकडं पाहिलं, ऑर्लिननं मान खाली घातली, आणि तिला कळायचं ते कळलं.

"झाडीत जड जाईल," टॅमरा एवढंच म्हणाली. "पण मी चालवीन."

जानेवारीअखेरीस मिनेसोटाहून आलेला एक माणूस एप्रनच्या वर अडकला. गाडी बंद पडलेली, बूट भिजलेले. अंधार पडता पडता पथक पायथ्याशी पोचलं तेव्हा टॅमराच्या खाली ती नवी गाडी घुरघुरत होती. वर जायला तिला काही मिनिटं पुरली असती. ऑर्लिननं खड्डा खणला, थर पाहिले, आणि हात आडवा केला. या वेळी टॅमरानं चावी आपणहून काढून खिशात टाकली. पण भरून आलेले डोळे तिनं पुसले नाहीत.

त्या माणसाची बायको गावातल्या मोटेलात होती. तिला फोन करायचं काम ऑर्लिननं दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. "गाडी जाईल," त्यानं तिला सांगितलं. "मी माणसं पाठवत नाही. उजाडल्यावर हेलिकॉप्टर येईल. तोवर ते तग धरतील का, ते मला सांगता येणार नाही." ती त्याला नाही नाही ते बोलली. त्यानं ऐकून घेतलं, आणि मग बहिणीला फोन केला.

आर्डिथ चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, पातेलं आणि दालचिनीचे रोल घेऊन मोटेलात गेली. बाईनं काही खाल्लं नाही. आर्डिथनं आग्रह केला नाही, होईल सगळं नीट असंही म्हटलं नाही. हीटरजवळची खुर्ची ओढून बसली आणि बाई बोलेल तेव्हा ऐकत राहिली.

सकाळी तो माणूस जिवंत सापडला. एका पायाची बोटं गेली. गावात दोघाचौघांनी बोलून दाखवलंच, की एवढी डोंगर चढणारी गाडी घेऊन शेवटी काय केलं? चढावरचा तो बर्फ दोन दिवसांनी आपोआप सुटला आणि पायथ्याची झाडी मोडून गेला. ज्यांनी जाऊन पाहिलं ते गप्प झाले, बाकीचे बोलत राहिले.

बहीणभाऊ पूर्वीसारखे झाले असं नाही. ईस्टरच्या जेवणाला ती आली नाही. पण एप्रिलात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात तिचा फोन आला. ती रीडबद्दल बोलली. लहानपणी तो वळण घेताना हमखास डावीकडं पडायचा, ते सांगत होती. ऑर्लिननं फोन कानाला घट्ट लावला. तिथली एक नर्स गोळ्या घेऊन आली, त्याचा चेहरा पाहिला आणि नंतर येते म्हणून दार ओढून गेली.