छपराखालचा हीटर

नानासाहेब सांडू यांनी वाळूजच्या एका कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ सुरक्षा समितीवर. दर मार्चमध्ये कामगारांना सुरक्षेची शपथ द्यायचं काम त्यांच्याकडं असे, आणि माईक हातात आला की शपथ संपल्यावरही ते अर्धा तास बोलत. निवृत्त झाल्यावर बजाजनगरचं घर सोडून ते फुलंब्रीकडच्या आपल्या शेतावर राहायला आले आणि बायको मनकर्णाबाईंच्या चटणीच्या जोरावर त्यांनी हिवाळ्यात हुरडा पार्ट्या सुरू केल्या. ऐकायला पुन्हा माणसं मिळाली हाच त्यातला खरा फायदा, असं ते स्वतःच कबूल करतात.

अडचण थंडीची होती. जानेवारीत ऊन उतरलं की पाहुणे हुरडा अर्धवट टाकून गाड्यांकडं पळायचे. म्हणून नानासाहेबांनी शहरात जाऊन, हॉटेलचं सामान विकणाऱ्या याह्याभाईंकडून एक हीटर घेतला. माणसाहून उंच, पोटात गॅसचा सिलिंडर, डोक्यावर पत्र्याची रुंद टोपी.

"नानासाब, जरा ऐकून घ्या," याह्याभाई म्हणाले. "हा उघड्यावरच लावायचा. वर छत बित..."

"याह्याभाई, नऊ वर्षं सेफ्टी कमिटीवर होतो मी."

"तरी पन..."

"लोकांना शिकवलंय हो मी हे."

याह्याभाईंनी हातात दिलेलं माहितीपत्रक त्यांनी येताना टेम्पोच्या काचेला लावलं. डोळ्यांवर ऊन येत होतं.

शनिवारी पुंडलिकनगरातल्या एका शाळेच्या वीस-पंचवीस शिक्षिका आल्या. संध्याकाळी वारा सुटला. नानासाहेबांनी अंगणात हीटर पेटवला, तो विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. शिक्षिका शाली आवळून बघत होत्या. शेवटी नानासाहेबांनी तो ओढत छपराखाली नेला. छप्पर उसाच्या पाचटाचं, तीन बाजूंना कडब्याचा आडोसा. तिथं वारा नव्हता.

"अहो, वर पाचट हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"मग?"

"उष्णता खाली फेकायला तर ती टोपी असते. त्याचं शास्त्र असतं."

"शास्त्र मला नाय कळत. चुलीवर दोरी बांधून लुगडं वाळत घातलं तर काय होतं, ते कळतं."

एवढ्या शिकलेल्या बायकांसमोर माघार घेणं नानासाहेबांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी बटण फिरवलं. टोपीखालची जाळी लाल झाली, ऊब पसरली आणि शिक्षिका खुर्च्या ओढत जवळ आल्या. "किती छान!" रूपाली मॅडम म्हणाल्या. झालं. नानासाहेबांनी हीटरकडं पाठ केली, घसा साफ केला आणि विषय काढला: घरगुती गॅस आणि आपली जबाबदारी.

गॅसची नळी कधी बदलावी इथपर्यंत ते आले असतील, तेवढ्यात रूपाली मॅडमनी विचारलं, "कसला हो वास येतोय?"

"आगटीचा. गोवऱ्यांवर हुरडा भाजतोय ना. हा वास शहरात मिळायचा नाही."

सगळ्यांनी कौतुकानं लांब श्वास घेतला.

तेवढ्यात चटणीचं ताट घेऊन मनकर्णाबाई आल्या. "आगटी इझून अर्धा तास झाला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वर पाहिलं.

टोपीच्या बरोबर वर पाचटाला परातीएवढा काळा डाग पडला होता, आणि त्यातून धूर निघत होता.

इतरांनी काय करू नये हे नऊ वर्षं सांगणाऱ्या नानासाहेबांनी नेमकं तेच केलं. पेटता हीटर दोन्ही हातांनी कवटाळून ते ओढायला लागले. चाक खड्ड्यात अडकलं, हीटर कलला, आतून खट्ट आवाज झाला आणि तो आपोआप विझला. मनकर्णाबाईंनी ताट खाली ठेवून खालचं झाकण उघडलं, सिलिंडरचा खटका बंद केला, शिक्षिकांना अंगणात पिटाळलं आणि हात धुवायच्या पिंपातून बादली भरून वर फेकली. मग दुसरी, मग तिसरी. पाचट विझलं. त्याच्या बरोबर खाली नानासाहेब उभे होते.

"भाजलं का कुठं?"

"नाही."

"मग व्हा बाजूला."

पाहुण्या गेल्यावर घोंगडी पांघरून, दात वाजवत त्यांनी याह्याभाईंना फोन लावला.

"तुमचा हीटर मधेच बंद पडतो."

"कधी?"

"जरा कलला की."

"नानासाब, तो त्यासाठीच बंद पडतो."

नानासाहेबांना त्या यंत्रापुढं लाज वाटली. आपण आणि हीटर, दोघांत शहाणा हीटरच होता. "त्या दिवशी तुम्ही सांगत होता," ते म्हणाले, "ते जरा पहिल्यापासून सांगता का?" आणि समोर बसलेल्या बायकोच्या देखत त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. काही गोष्टी दोनदा विचारल्या.

आठवडाभर ते त्याच कामात होते. अंगणात छप्पर, कडबा, झाडं यांपासून लांब दोन फरश्या सपाट बसवल्या. पेटवण्याआधी रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लावला, तर तिथं बारीक बुडबुडे यायला लागले. गेल्या शनिवारीही इथून गॅस जात असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सिलिंडर बंद केला. एजन्सीच्या माणसाला बोलावून वॉशर बदलून घेतला आणि पुन्हा फेस लावून पाहिला. बुडबुडे आले नाहीत.

पुढच्या शनिवारी वारा होता, म्हणून त्यांनी हीटर पेटवलाच नाही. पाहुणे सहालाच गेले. नानासाहेबांना वाईट वाटलं, पण त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

रविवारी वारा पडला. हीटर मोकळ्या आभाळाखाली तासभर सरळ जळला. पोरांनी जवळ जाऊ नये म्हणून भोवती खाटा आडव्या लावल्या होत्या. एका पाहुण्यानं छपराला भोक कशानं पडलं म्हणून विचारलं, तेव्हा नानासाहेबांनी खरं ते सांगितलं, तिसऱ्या बादलीसकट.

सगळं आवरल्यावर मनकर्णाबाई पाट घेऊन तिथं टेकल्या आणि त्यांनी उबेकडं पाय पसरले.

"बरं वाटतंय का?" नानासाहेबांनी विचारलं.

"लई बरं वाटतंय. पन तुमी जरा मागं सरका. घोंगडीचं टोक लोंबतंय."

नानासाहेब दोन हात मागं सरकले.