वखारीतली सापसुरळी

मित्रांनो, मी एक म्हातारी सापसुरळी आहे. काही लोक मला सापाची मावशी म्हणतात. खरं तर साप दिसला की मी जीव मुठीत धरून पळते, कारण तो मला अख्खी गिळतो. असला भाचा कुणाला हवा?

माझा जन्म लाकडाच्या वखारीत झाला. पुढे ओंडक्यांच्या राशी, मध्ये करवतीचं यंत्र आणि मागच्या भिंतीशी भुशाचा भला मोठा ढीग. सकाळी मी ओंडक्यावर पसरून अंग तापवायची. अंग गार असलं की मला धावता येत नाही. मग दिवसभर झुरळं, नाकतोडे, कोळी आणि बाहेर आलेली वाळवी टिपत फिरायची.

भुशात आमची एक नातलग राहायची. तिचे पाय असून नसल्यासारखे. पाण्यात मासा पोहावा तशी ती भुशातून सुळकन जायची. कुंपणाजवळच्या पाचोळ्यात तिसरी होती, करंगळीएवढी, तांबड्या शेपटीची. आम्ही सगळ्या सापसुरळ्याच, पण कुणी कुणाच्या ताटात हात घालत नसे. आम्ही किडे खायचो आणि आम्हांला पक्षी, मांजरं खायची. एकदा मांजरानं माझी शेपूट धरली, तेव्हा मी ती तोडून देऊन निसटले. नवी आली ती आखूड. शेपटीत साठवलेली चरबी गेल्यानं त्या वर्षी मला अंडी घालता आली नाहीत. तरी मांजरावर माझा राग नाही. त्याला भूक होती.

वखार एक ताई चालवायची. तिचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकं बघायचा. त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो केवढ्यानं ओरडला!

"ताई, साप!"

"अरे, सापाला पाय असतात का? चार पाय आहेत तिला. काठी ठेव खाली. वखारीची राखणदार आहे ती."

काठी खाली आली. राखणदार हा शब्द मला फार आवडला. पण खरं सांगते, तो थोडा जास्तच मोठा होता. उघड्यावर आलेली वाळवी मी खायची. लाकडाच्या पोटात शिरलेल्या वाळवीपर्यंत मी कशी पोचणार?

मग एक दिवस एक गिऱ्हाईक दाराची चौकट खांद्यावर टाकून परत घेऊन आलं.

"लाकूड मागितलं होतं मी, वाळवी नव्हे! बघा, भुगा गळतोय नुसता!"

अख्ख्या रस्त्यानं ते ऐकलं. त्यानंतर वखारीत माणसं कमी दिसू लागली. भाऊ म्हणाला, "औषध मारून घेऊ या."

"मार," ताई म्हणाली, "पण भुसा आणि मागचा कोपरा सोड. सुक्याबरोबर ओलं जाळू नकोस."

"सोडतो गं."

फवारणीच्या दिवशी ताईला सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन आला. कोपऱ्याचं ऐकून तो हसला. "कोपरा सोडलात तर वाळवी तिथंच जाऊन बसेल. मग मला बोल लावू नका."

भाऊ दाराशी जाऊन रिकामा रस्ता बघून आला. मग म्हणाला, "मार सगळीकडे."

भुशाशेजारच्या फळीखाली माझी अंडी होती. आमच्या अंड्यांचं कवच मऊ असतं, ते जमिनीतली ओल पितं. त्या दिवशी ते कवच पांढरं औषध प्यायलं. भुशातली नातलग उन्हात बाहेर आली आणि वळवळून तिथंच थांबली. पाचोळ्यातली पुन्हा दिसलीच नाही. मी गटाराकडे पळाले. तिथं झिंगलेले नाकतोडे पडले होते. भुकेपोटी मी ते खाल्ले. औषध त्यांच्याही पोटात होतं.

संध्याकाळी ताई आली. तिनं फळी उचलली आणि ती तिथंच खाली बसली.

"कोपरा सोड म्हणाले होते ना रे?"

"तो म्हणाला, उपयोग नाही. गिऱ्हाईक परत यायला हवं ना, ताई?"

झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं, तशी ताईनं फळी परत ठेवली.

गिऱ्हाइकं आली नाहीत. वाळवी मात्र शेजारच्या जमिनीखालून परत आली. भिंतीवर तिच्या मातीच्या रेघा चढताहेत आणि खाली तिची वाट अडवणारं कुणी नाही. ताई रोज ओंडक्यांमागे वाकून मला शोधते, वाटीत पाणी ठेवते. मी गटाराच्या काठाशी आहे. माझे मागचे पाय आता हलत नाहीत. ती वाटी मला दिसते, पण तिथवर जाता येत नाही.

मित्रांनो, माझं आता काही व्हायचं नाही. पण तुमच्या कुंड्यांमागे, विटांच्या ढिगात, पाचोळ्यात माझ्यासारखं कुणीतरी राहत असेल. सरसर आवाज आला तर आधी वाकून बघा. औषध मारावंच लागलं तर एक कोपरा सोडायला सांगा. आणि नुसतं सांगून जाऊ नका. काम संपेपर्यंत त्या कोपऱ्यात स्वतः उभे राहा.