वेरा की बेरेझा

अमेरिकेत रेडमंडच्या घरातल्या गॅरेजमध्ये राजाराम साठे चार महिने एका बोटीच्या मागे हात धुऊन लागले होते. बोट म्हणजे लाकडी मॉडेल, रशियातल्या व्होल्गा नदीवरच्या प्रवासी बोटीचं, तीन मजली, पांढरंशुभ्र. १९५०च्या दशकात त्या आराखड्याच्या बोटी जर्मनीत डझनांनी बांधल्या गेल्या. सगळ्या सख्ख्या बहिणी, ओळखायच्या त्या फक्त नावावरून. उद्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आणि बोट प्रतिमाला द्यायची होती. फक्त नाव लिहायचं राहिलं होतं, आणि नेमका तिथेच ब्रश अडला.

कारण होती प्रतिमाची गोष्ट. दर पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी आपापले डबे आणलेल्या जेवणाला, ती रंगवून सांगायची, "आम्ही दोघं मॉस्कोत शिकत होतो. ह्यांनी मला धक्क्यावर पाहिलं आणि आपला ग्रुप सोडून माझ्या बोटीवर चढले!" बायका हसायच्या आणि आमचे साठे खाली मान घालून भजी खायचे.

खरं असं होतं, की या गृहस्थांना जायचं होतं 'बेरेझा' नावाच्या बोटीवर. रशियात येऊन तीनच आठवडे झालेले. प्रतिमाच्या बोटीचं, म्हणजे 'वेरा'चं, पहिलं अक्षर इंग्रजी बीसारखं दिसलं आणि स्वारी बॅग घेऊन थेट आत. तो निघाला रशियन 'व'. प्रतिमा दिसली ती बोट सुटल्यावर, जेवणाच्या रांगेत.

"आजोबा, व्हॉट्स हर नेम?" गॅरेजमध्ये आलेल्या नात अबोलीने बोटीकडे पाहत विचारलं.

"वेरा," म्हणताना त्यांना रडूच आलं. तिची एवढी लाडकी गोष्ट मोडायची कशी? आणि न मोडता ही भेट द्यायची तरी कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात प्रतिमा चहा घेऊन आली.

"प्रतिमा, मी तुझ्यासाठी चढलो नव्हतो गं. अक्षर वाचायला चुकलो."

तिने कप खाली ठेवला. "माहितीये. बेरेझाचं तिकीट तुमच्या कोटात होतं. लग्नानंतर ड्रायक्लीनिंगला देताना सापडलं."

"मग इतकी वर्षं ती गोष्ट..."

"अहो, पुढचा धक्का दोन तासांवर होता. बेरेझा मागून तिथेच येणार होती. कप्तान स्वतः सांगायला आला, इथे उतरा म्हणून. मी शेजारीच उभी होते. उतरलात का?"

राजारामांनी चष्मा काढून पुसला.

"नाही. पायच निघाला नाही."

"मग माझं काय खोटं आहे?"