इंगुनच्या नावाच्या जोडण्या

विनिपेगच्या आमच्या ऑफिसात इंगुनने घाईत एक चूक केली होती. डेटाबेसच्या सगळ्या जोडण्या तिच्या स्वतःच्या खात्यातून, तिच्याच नावाने उघडायच्या. प्रोग्रामचा प्रत्येक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारा कामाचा एकेक धागा, त्या जोडण्यांतली एक घ्यायचा आणि काम झालं की परत करायचा.

तिला पुरून ऑफिसात परत आलो तोच सहकारी डॅरल म्हणाला, "ते नाव काढ बाई आता. मेलेल्या माणसाच्या नावावर किती दिवस चालवायचं?"

"तोंड सांभाळ!" मी ओरडले, पण नवं खातं उघडलं.

परत आलेली एकेक जुनी जोडणी बंद करत गेले. स्क्रीनभर असलेलं तिचं नाव शेवटी एकाच ओळीत उरलं.

"ती तर रिकामीच बसलीय. कर ना बंद!" डॅरल म्हणाला.

"थांब रे," मी खोटंच बोलले, "काम संपलं नाहीये तिचं अजून."